गुळीच्या ढिगावरून गुलमर्ग

स्वस्थ बसणं माझ्या पत्रिकेतच नाही, असं आई म्हणते. पत्रिका तिनं कधी वाचली देव जाणे. पण यंदा दिवाळीपासून मला खरंच बसवत नव्हतं. अकरावीची पोरं माना खाली घालून रसायनशास्त्राची चाचणी लिहायची आणि त्यांची ही बाई टेबलाखाली मोबाइल धरून गुलमर्ग बघायची. तिथल्या कुठल्याशा हॉटेलानं गच्चीवर कॅमेरा बसवलाय, त्यात दिवसभर डोंगराचा उतार दिसतो. डिसेंबर उजाडला तरी गवत पिवळंच. बर्फ तिकडं पडेना आणि जीव इकडं नांदेडात माझा टांगणीला.

नांदेडच्या बाईला बर्फाचं काय एवढं, ते सांगते. चार वर्षांपूर्वी मी आणि माझी भावजय सिंधु उत्तराखंडात औलीला गेलो. गेलो होतो हवा खायला, पण तिथं स्कीइंगचा आठवड्याचा वर्ग दिसला आणि मी दोघींची नावं घालून टाकली. सिंधुला विचारलं नाही. विचारलं असतं तर "बघू" म्हणाली असती, आणि तिचं "बघू" म्हणजे हो की नाही, हे माझ्या भावाला इतक्या वर्षांच्या संसारात उमगलेलं नाही. पायांना त्या लांब पट्ट्या बांधून पहिल्यांदा घसरले तेव्हा लहानपणी विहिरीत पहिली उडी टाकताना तोंडून निघाली होती तशी आरोळी निघाली. चाळिशी ओलांडलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या बाईच्या तोंडून असं काही निघेल हे मला खरं वाटेना. मी उतारावर बसून हसत सुटले. तेव्हापासून दरवर्षी आम्ही औलीला जातो.

आमची रीत ठरलेली. मी पुढं, सिंधु मागं. मी पुढून ओरडून सांगायची, "गुडघे वाकव! उजवीकडं! अगं बघतेस कुठं!" आणि मी पडले की ती मागून येऊन मला उभी करायची. मी पडते जरा जास्तच.

पण स्कीवाल्यांच्या दुनियेत औलीला मान नाही. आमचा मोबाइलवर एक ग्रूप आहे, देशभरातले हौशे-नवशे त्यात आहेत. त्यांच्या हिशेबात औली म्हणजे पूर्व आणि गुलमर्ग म्हणजे पश्चिम. पूर्वेचा बर्फ दाबलेला, कडक. पट्टीची कड त्यात रोवायची आणि वळायचं. पश्चिमेला मऊ, भुसभुशीत, मांडीपर्यंत खोल. तिथं कड रोवली की माणूस गडप. "औलीवाले फरशीवर शिकलेले, पश्चिमेला आले की बुडतात," असं कुणीतरी लिहिलं आणि खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. मी त्या दिवशी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी ठरवलं, फेब्रुवारीत गुलमर्ग.

मग सुरू झालं माझं. सकाळी गोदावरीच्या घाटावर पायऱ्या चढउतार, मांड्या भरण्यासाठी. दुपारी दोन तासिकांच्या मधे गुलमर्गच्या एकेका गाइडला फोन. थंडीत नांदेडला स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी बायकांकडं जाऊन हातमोजे उलटेपालटे करून बघणं. बूट पायात मुरावेत म्हणून ते घालून गच्चीवर फेऱ्या मारायची, तर खालचे भाडेकरू वर येऊन विचारून गेले की बांधकाम काढलंय का. आमचे हे शांत माणूस. औषधाचं दुकान चालवतात. एवढंच म्हणाले, "जा बाई एकदाची, म्हणजे घरातलं भूकंपमापन थांबेल."

जायचं तर सिंधुबरोबरच. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. ती लातूरजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते, बोलत नाही, पुढं होत नाही. तिला एकटीला कोण नेणार? आणि खरं सांगायचं तर त्या मांडीभर बर्फात मी पडल्यावर मला कोण काढणार? हा दुसरा प्रश्न मी मनातसुद्धा हळू आवाजात विचारायची. सिंधु येत नसेल तर मीही जाणार नव्हते, आणि गेले नाही तर आता कधीच जाणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. गुडघे दरवर्षी नवी तक्रार सांगत होते.

आणि नेमकी सिंधुच हाती लागेना. मी तिला ध्वनिसंदेश पाठवायची, एकामागून एक. कोणत्या रुंदीची पट्टी, कोणता चष्मा, वरच्या टप्प्याला दोरावरच्या पाळण्यानं जायचं की खालच्याच टप्प्यावर हात बसवायचा. तिकडून अंगठा यायचा. नुसता अंगठा. फोन केला तर "हाव आक्का", "बरं आक्का" आणि शेवटी ठरलेलं "बघू". नांदेडहून जम्मूला जाणारी गाडी आठवड्यातून एकदाच. तिचं आरक्षण येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी उघडणार होतं. म्हटलं, येळवशीला माहेरी जायचंच आहे. समोर बसवून हो म्हणवून घेते. माझ्यासमोर भल्याभल्यांनी तोंड उघडलंय, ही काय चीज आहे.

येळवशीला लातूरच्या रस्त्यांवर कुत्रंही दिसत नाही. सगळं शहर आपापल्या शेतात, नाहीतर दुसऱ्याच्या शेतात जेवायला. औशाकडच्या आमच्या रानात भारतनं, म्हणजे माझ्या धाकट्या भावानं, सिंधुच्या नवऱ्यानं, कडब्याची कोप उभी केली होती. आत पूजा मांडलेली. आई चुलीपुढं बसून शेंगा-भाज्यांच्या भज्जीला शेवटची कढ देत होती. आंबिलाचा बिंदगा, म्हणजे घागर, सावलीत. मी गाडीवरून माझ्या जुन्या पट्ट्या सोडल्या तशी आई म्हणाली, "मंजे, आज तरी देवाचं बघ."

"देवाचं झाल्यावर बघते," मी म्हणाले. माझी नजर बांधाकडं होती.

बांधाला लागून सोयाबीनच्या भुसकटाचा ढीग होता. आमच्याकडं त्याला गुळी म्हणतात. मळणी झाली की उरते ती, हलकी, कोरडी, पाय टाकला की मांडीपर्यंत आत. दिवाळीला तो ढीग बघितला तेव्हाच माझ्या डोक्यात दिवा लागला होता. मऊ बर्फात पडायचं कसं आणि उठायचं कसं हे शिकायला काश्मीरपर्यंत कशाला जायचं? बांधावरून घसरायचं, गुळीत उतरायचं. पट्ट्यांचा जोड एकच होता. आधी मी दाखवणार, मग सिंधु करणार.

पूजा झाली, चारी दिशांना आंबील शिंपडून झालं, आणि पानं वाढायच्या आत मी बूट-पट्ट्या चढवून, हातात दोन काठ्या घेऊन बांधावर उभी. शेजारच्या रानातले माणिकप्पा जेवायचं आमंत्रण द्यायला आले होते, ते तिथंच थबकले.

"काय बाई, पायाला वखराची लोखंडी पास बांधली का?"

"स्कीइंग करून राहिले, आप्पा."

"करा, करा," ते म्हणाले आणि बघायला खालीच बसले. मागून त्यांची सगळी पंगत आली.

सिंधु ढिगाच्या कडेला उभी होती, पदर खोचून. मी वरून तिला समजावलं, "नीट बघ. दोन्ही पाय जोडून. कड रोवायची न्हाई. वजन मधी. कळलं का?" तिनं मान हलवली. मी सुटले.

बांधावरून छान घसरले. लोकांनी हो करून आवाज दिला. पण गुळीत शिरताच चार वर्षांची सवय पायांनी दाखवली, कड रोवली गेली आणि मी डोक्यानं आत. तोंडात, नाकात, गळ्यातून आत पाठीवर, सगळीकडं भुसकट. पंगत हसून हसून बेजार. मी हात टेकायला गेले तर हात खांद्यापर्यंत आत. पाय वर, पट्ट्या फुलीसारख्या अडकलेल्या. उठता येईना. अंगाला जी खाज सुटली तिचं वर्णन घरंदाज बाईनं करू नये.

"उठतेच मी," मी म्हणाले. "असंच उठायचं असतं."

तेवढ्यात कोपीकडून पानं मांडल्याची हाक आली आणि पंगत पांगली. सिंधु तेवढी उरली. ती गुडघ्यावर बसली, माझ्याकडं बघत. मला वाटलं, आता हात देईल. तिनं दिला नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "आक्का, एक बोलायचं होतं."

"आधी मला काढ."

"काढते. पण आधी बोलते. न्हाईतर तुमी बोलू देत न्हाईत." तिनं दम घेतला. "मी फेब्रुवारीत येणार न्हाई. मी जानेवारीतच जाणार हाय. गुलमर्गला. विमानाचं तिकीट काढलंय, हैदराबादवरून. तिथला एक गाइड बी ठरवलाय."

"कुणासंग?"

"एकटी."

मला आधी हसू आलं. सिंधु एकटी! मग तिचा चेहरा बघितला. "भारतला माहीत हाय?"

"हाव. त्यांनीच रजेचा अर्ज लिहून दिला."

म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक आणि मी नांदेडात बसून तिच्यासाठी पट्ट्यांच्या रुंद्या मोजतेय. गुळी खाजत होती त्यापेक्षा हे जास्त खाजलं. "का पण?" मी विचारलं. आवाज चढलाच. "मी काय वाईट केलं तुझं? शिकवलं कुणी तुला? नाव कुणी घातलं?"

"तुमीच. म्हणून तर बोलवंना." तिचे डोळे भरले होते, पण ती थांबली नाही. "आक्का, तुमी लई जीव लावता. पण चार साल झाले, मी बर्फावर घसरून राहिले का तुमच्या आवाजावर, मला कळंना. वर उभी राहिले की खाली काय दिसतंय ते बघायच्या आदी तुमी सांगता. उजवीकडं, डावीकडं. मला एकदा बघायचंय. नुसतं गप उभं राहून, कुठं जायचं ते."

"मंग आदी का सांगितलं न्हाईस?"

"तुमी थांबलात कवा?"

मला रडू आलं. रागाचं होतं की कशाचं, ते ठरवत बसले नाही. सिंधुनं आता हात पुढं केला. मी तो बघितला आणि म्हणाले, "जा तू. जेव जा."

"आक्का..."

"जा म्हटलं ना."

ती गेली. दोनदा वळून बघितलं, पण गेली.

मग मी आणि गुळी. पहिल्यांदा मी नुसती धडपडले, रागानं, आणि अजून खोल गेले. कोपीकडून हसण्याबोलण्याचा आवाज येत होता आणि कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. फेब्रुवारी गेला, मी मनात म्हटलं. गुलमर्ग गेलं. आता ही बाई आयुष्यभर चाचण्या तपासणार आणि लोकांचे फोटो बघणार. एवढं वाईट वाटलं की हातपाय हलवणंच थांबलं. पडून राहिले. वर आभाळ मोकळं होतं. गुडघा कुठं आहे, कुठली पट्टी कशाखाली अडकलीय, हे पहिल्यांदाच माझं मला कळायला लागलं. एक पट्टी चाचपडत सोडवली. दोन्ही काठ्या शोधून काढल्या, त्या भुसकटावर आडव्या टाकल्या एकीवर एक, आणि त्यांच्या मध्यावर तळहात टेकला. हात आत गेला नाही. अंग कुशीवर घेतलं. गुडघा आला खाली. पुन्हा घसरले, पुन्हा टेकला. कपाळावरून घाम, डोळ्यांत भुसकट, आणि मी उभी. बघायला कोण होतं? आमची म्हैस.

कोपीत गेले तेव्हा सगळे जेवून सुस्तावले होते. सिंधुनं माझं पान झाकून ठेवलेलं. भज्जी, बाजरीचा उंडा, आंबिलाचा गडवा. ती माझ्याकडं बघत नव्हती. भारत माझ्या केसांतली गुळी बघून काही बोलणार होता, आईनं डोळ्यांनी दाबलं. मी उंडा मोडला.

"सिंधु," मी म्हणाले. "तुझ्या गाइडचा नंबर दे."

"कशाला?"

"तू परत आलीस की मंग मी जाते. फेब्रुवारीतच. एकटी."

सिंधुनं मान वर केली. तिच्या तोंडावर आधी भीतीच दिसली मला. मग ती सरकून जवळ आली आणि बोलायला लागली. सिंधु, जिच्या तोंडून चार शब्द काढायचे तर मला चाळीस खर्चावे लागायचे. "आक्का, मंग पहिल्या दिवशी वरच्या टप्प्याला जायचं न्हाई. गाइडच्या मागंच ऱ्हायचं, पुढं न्हाई. बूट घट्टच घ्यायचे, घरी घालता तसे दोन-दोन मोजे न्हाई घालायचे, पाय बधिर होतो. पडलात तर आधी दम घ्या. ओरडू नका. गाइडला काय शिकवायला जाऊ नका, आक्का, तो तिथलाच ऱ्हातो..."

पुरे, असं जिभेवर आलं होतं. एरवी बोललेच असते. पण मी उंडा खाली ठेवला. त्या पांढऱ्या उतारावर मी एकटी उभी आहे हे मला तिथं कोपीत बसून दिसत होतं, आणि विचारायला सगळ्या जगात ही एकच बाई होती.

"हळू सांग," मी म्हणाले. "मोज्याचं पुन्हा सांग."