मागे जाण्याचं बटण

रामाकोना गावचा गजेंद्र संत्र्याच्या व्यापाऱ्याशी तासभर हुज्जत घालेल, पण लग्नाच्या वयाची मुलगी समोर आली की त्याच्या तोंडाला कुलूप. आई शांताबाई कंटाळल्या आणि समाजाच्या परिचय मेळाव्याचा फॉर्म भरून ये म्हणून त्यांनी त्याला सौंसरला पिटाळलं. भरायचा कुठे, तर रूपालीच्या ऑनलाइन सेंटरवर. रूपाली समाजातलीच. तिचे काका मेळावा भरवणाऱ्या मंडळात, म्हणून ही कामं तिच्याकडे येत.

फॉर्म पाच पानांचा. पाचव्या पानावर गजेंद्रला आठवलं की मामाचं नाव आपण चिंधू सांगितलं. मामाच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आजीनं नजर लागू नये असं नाव ठेवलेलं आणि तेच सगळ्यांच्या तोंडी बसलेलं; कागदोपत्री मामा रघुनाथराव. रूपाली मागे पहिल्या पानावर गेली, नाव बदललं, आणि पुढची सगळी पानं कोरी झाली. मंडळाची वेबसाइटच तशी होती.

मग तिनं पुन्हा पहिल्यापासून विचारलं. शिक्षण काय, बाग किती, स्वभाव कसा. गजेंद्र म्हणाला, शांत. तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, हसली आणि टाइप केलं. गडी तिथंच गारद झाला.

त्यानंतर गजेंद्रच्या चुका वाढल्या. कधी उंची चुकली, कधी आजोळ सावरगावचं की पांढुर्ण्याचं याचा घोळ झाला. रूपाली मागे जायची, स्क्रीनकडे बघून सगळं गेलं म्हणून सांगायची, आणि उरलेलं उद्यावर जायचं. फॉर्मला एवढे दिवस लागतात तर कापूस वेचून झाला असता, असं शांताबाई ऐकवत. गजेंद्र बिचाऱ्या वेबसाइटला शिव्या घाली. खरं दुखणं वेगळंच होतं. फॉर्म एकदा गेला की आई मेळाव्याच्या पुस्तिकेतून एखादी मुलगी पक्की करणार, आणि त्याला तर फक्त रूपाली हवी होती. हे तिला सांगायला तोंड उघडलं की त्यातून नवी चूकच बाहेर पडे. आणि मुदत तर उद्याच संपत होती.

मुदतीच्या दिवशी सकाळी तो जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेला. मारुतीला काय मागितलं ते त्यालाच ठाऊक. बाहेर मंडळाचा अभिजीत भेटला. वेबसाइट त्याचीच, त्यामुळे कौतुकही तोच करत होता. लोकांच्या तक्रारी आल्या म्हणून मागच्या आठवड्यातच त्यानं सुधारणा केली होती. आता कितीही मागे जा, पुढे जा, भरलेलं एक अक्षर हलत नाही.

गजेंद्रचा चेहरा उतरला. एवढा एक बहाणा होता, तोही गेला. तोंड पाडून तो मोटरसायकलवर सौंसरच्या वाटेला लागला. डोकं शांत चालायचं, स्वभावासारखंच. अर्ध्या वाटेत त्यानं गचकन ब्रेक दाबला. सुधारणा मागच्या आठवड्यात झाली, तर मग काल रूपाली सगळं गेलं कसं म्हणाली? आणि परवा?

सेंटरवर तो नेहमीच्या खुर्चीत बसला. रूपालीनं फॉर्म उघडला.

"आज काय चुकलं?" तिनं विचारलं.

"अभिजीत भेटला होता जामसांवलीले."

कीबोर्डवरची तिची बोटं थांबली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण तिनं स्क्रीनवरची नजर काढली नाही.

"मंग?"

"मंग काई नाई." गजेंद्रनं खुर्ची पुढे ओढली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला मागे जायचं नव्हतं. "मायले घेऊन येऊ का उद्या?"

रूपालीनं फॉर्म बंद केला.

"इथं कायले आणून राहिले?" ती म्हणाली. "घरी आणा."