नंदूचा परिचय

माझा भाऊ नंदू मेलबर्नमध्ये दहा वर्षं फुटबॉल खेळला आणि आमचे आप्पा त्याच्या एकाही मॅचला गेले नाहीत. ग्राउंड घरापासून ट्रामने वीस मिनिटांवर होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी पुढे जे केलं ते का केलं, एवढं तरी कळेल. मला माफ करा असं मात्र मी म्हणत नाही.

फुटबॉल म्हणजे तिकडचा, त्यांचा फुटबॉल हं. लंबगोल बॉल, एका बाजूला अठरा माणसं, अंगावर नुसती बिनबाह्यांची बनियन आणि चड्डी. समोरच्याच्या खांद्यावर गुडघा रोवून हवेत उडायचं आणि बॉल झेलायचा. आप्पा सदुसष्ट साली तिथे मेटलर्जीचे प्रोफेसर म्हणून गेले. नंदू तेव्हा तेरा वर्षांचा. माझं लग्न झालेलं, मी उल्हासबरोबर अमेरिकेला आले. नंदूने दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडलं आणि क्लबात शिरला, तेव्हापासून आप्पांच्या लेखी तो संपला. म्हणायचे, “म्हशीसारखा चिखलात लोळतो, आणि लोक तिकीट काढून बघतात!” पुण्याला पत्रात मात्र लिहायचे, चिरंजीव शिक्षण खात्यात आहेत. आई होती तोवर स्वयंपाकघरात बारीक आवाजात रेडिओवर मॅच ऐकायची.

एकशे बेचाळीस मॅचेस खेळला माझा भाऊ. खांद्याचं हाड दोनदा मोडलं, डाव्या गुडघ्याची तीन ऑपरेशनं झाली. समोरचे खेळाडू कानाशी येऊन, तो भारतीय म्हणून, ‘करी, करी’ म्हणत घाणेरडं बोलायचे, ते वेगळंच. एकोणतिसाव्या वर्षी क्लबाने हात हलवून निरोप दिला. पुढे तीन वर्षं कुठे कुठे काम करून शहाऐंशीच्या उन्हाळ्यात तो आणि आप्पा आमच्याकडे, अमेरिकेत बॉथेलला आले.

आमचं मराठी मंडळ तेव्हा जेमतेम चाळीस घरांचं. गणपतीत दरवर्षी एका पाहुण्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचो. परिचय कोणीतरी वाचायचा, मग सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलायचे. त्या वर्षी मी नंदूचं नाव सुचवलं आणि ते मंजूर झालं. नंदूला केवढा आनंद! तीन आठवडे रोज सकाळी माझ्या ओट्याशी उभं राहून भाषणाची तयारी करायचा. मराठीत बोलायचं होतं ना! पावसातल्या एका मॅचबद्दल होतं ते. शेवटचं मिनिट, दोघांच्या डोक्यावरून त्याने बॉल झेलला आणि गोल मारला. “मग मी स्टँडकडे बघितलं,” असं वाक्य होतं. “प्रत्येक गोलनंतर बघायचो.” तिथे आला की दरवेळी अडखळायचा. मी म्हणायचे, अरे, पाठ होईल. मूर्खच मी, पाठ होण्याचा प्रश्नच नव्हता तो.

सत्काराच्या तीन दिवस आधी मंडळाचे सेक्रेटरी नरेंद्र परांजपे आले. नंदू पोहायला गेला होता. मी लिहिलेला परिचय त्यांनी पोहे खाता खाता वाचला आणि कागद खाली ठेवला.

“वहिनी, हे कोणाला कळणार? हा फुटबॉल इथे कोणी नावालासुद्धा ऐकलेला नाही. लोक हसतील. ऑस्ट्रेलिया म्हटलं की क्रिकेट. सरळ क्रिकेट लिहा ना, कोण बघतंय?”

मी म्हटलं, “काहीतरीच काय! खोटं कसं लिहू?”

तेवढ्यात आप्पांनी पेपर खाली केला. “बरोबर बोलतायत ते. क्रिकेट चारचौघांत सांगता तरी येतं. क्रिकेट असेल तर मी येईन. नाहीतर मी घरीच बरा, त्या लोळण्याचं कौतुक ऐकायला मी येणार नाही.”

इथे मी घसरले. माझ्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट आली, आप्पा पहिल्या रांगेत बसलेत आणि नंदूसाठी टाळ्या वाजवतायत. बाकी सगळं मला फालतू वाटलं. नंदूला आधी सांगितलं असतं तर तो नाहीच म्हणाला असता, म्हणून सांगितलंही नाही. नंतर समजावू म्हटलं. केवढी हुशार बाई!

शनिवारी दुपारी शाळेच्या कॅफेटेरियात कार्यक्रम झाला. मी माइकसमोर उभी राहिले आणि माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडावर वाचलं की श्री. नंदू यांनी मेलबर्नच्या नामवंत क्लबकडून दहा वर्षं क्रिकेट गाजवलं. टाळ्यांचा कडकडाट. आणि आप्पा, गुडघे धरून चालणारे आमचे आप्पा, उभे राहून टाळ्या वाजवत होते. डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या! नंदू शाल पांघरून त्यांच्याकडेच बघत होता. माझ्याकडे त्याने एकदाही बघितलं नाही.

मग तो बोलायला उठला. “क्रिकेटबद्दल मला फारसं काही सांगता येणार नाही,” म्हणाला. “जेवण गार होतंय.” आणि बसला. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारची कांचन कानात म्हणाली, “एवढा मोठा प्लेअर, पण बघ, जरा गर्व नाही!” नरेंद्रनी तिथल्या तिथे पिकनिकच्या क्रिकेट टीमचा कॅप्टन म्हणून त्याचं नाव लिहून टाकलं.

परत येताना गाडीत आप्पा खुशीत होते. मागे वळून म्हणाले, “आज नाव काढलंस हो!”

“कुणाचं, आप्पा?” नंदूने विचारलं.

उल्हासने रेडिओ लावला.

घरी आल्यावर मी त्याला गॅरेजमध्ये गाठलं. रडले, हात जोडले. “अरे, आप्पा यावेत म्हणून केलं रे.”

तो चिडला असता तर बरं झालं असतं. “ताई,” तो म्हणाला, “शिव्या द्यायला आले असते तरी चाललं असतं मला. पण माझ्या मॅचला आले असते. आज ते दुसऱ्याच कोणाच्या तरी मॅचला येऊन गेले.”

पुढच्या वर्षी आप्पा वारले. नंदूला नॉर्थ कॅरोलिनात एका कॉलेजच्या जिममध्ये काम मिळालं आणि तो कॅरीला राहायला गेला. अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीत त्याचा फोन आला. आवाज चांगला होता. तिथली मराठी माणसं भेटली म्हणाला, फराळाला बोलावलं होतं.

“काय विचारत होते?” मी म्हटलं.

“नेहमीचंच. कोण, कुठले, आधी काय करायचात. मी सांगितलं, क्रिकेट खेळायचो. सोपं पडतं गं. लगेच मान डोलावतात.”

मी ओरडलेच. “नंदू, असं नको रे सांगूस. तू फुटबॉल खेळायचास. एकशे बेचाळीस मॅचेस!”

तो हसला. खोटं नाही, खरंच हसला.

“हो का?” म्हणाला. “तू बघितलीस त्यातली एखादी?”