खांद्यावरचा बद्द आवाज

"खरं सांग, छत तू धरलंयस, की नुसता आव आणतोयस?"

परांचीवर चढून एका मुलीनं मला तोंडावर विचारलं. खाली मैत्रिणींनी पैज लावली होती ना! त्या फिदीफिदी हसत होत्या. दगडाला घाम फुटत असता तर मी चिंब झालो असतो.

मित्रांनो, मी एका जुन्या देवळाच्या खांबावरचा बुटका यक्ष आहे. ढेरपोट्या, गाल फुगवलेला, दोन्ही हात वर करून छत पेलणारा. घडवणाऱ्यानं माझ्या आठ्या इतक्या मनापासून कोरल्या, की आठशे वर्षं लोक मला 'बिचारा' म्हणत आले. मी खरंच पेलतो का, हे मलाही ठाऊक नाही. हात खाली करून बघायची हिंमत कुणाची?

पण भीती त्याची नव्हती. माझ्या पोटावर लाल खडूची फुली होती. मुलीचे बाबा पाथरवट. त्यांनी सकाळी मला हातोडीनं वाजवलं. गुडघा टण, पोट टण, डावा खांदा मात्र बद्द. तडकलेला दगड असाच वाजतो. दुरुस्तीची मापं घेणाऱ्या तिच्या आईनं वहीत लिहिलं, 'काढून साधा ठोकळा बसवणे.' छताला लाकडी टेकू दिले गेले. सगळ्यांची जेवणं झाली की मी उतरणार होतो. उतरवलेले दगड कुठं जातात ते मला वरून दिसतं. समोरच्या खांबावरचा माझा भाऊ कुंपणापाशी गवतात पालथा पडलाय.

उत्तराची वाट न बघता मुलीनं बाबांची हातोडी उचलली. मला डोळे मिटता येत नाहीत हो. टण. टण. बद्द. मग तिनं माझा खांदा खिळ्यानं खरवडला. राखाडी भुकटी पडली.

"बाबा, हा दगड नाही वाजत. वरचं सिमेंट वाजतंय."

डोकं खाऊ नकोस म्हणत बाबा वर आले. मागच्या दुरुस्तीत कुणीतरी मायेनं लिंपलेला थर त्यांनी छिन्नीनं काढला. प्रत्येक घावाला वाटलं, संपलो. शेवटी हातोडी खांद्यावर पडली.

टण.

आईनं वहीतली ओळ खोडली. बाबांनी ओल्या फडक्यानं फुली पुसली आणि लेकीला म्हणाले, "धरतो गं तो. पण एकटा नाही. इथं सांध्यात चुनासुद्धा नाही, सगळे एकमेकांच्या वजनावर बसलेत."

मित्रांनो, आम्हाला लिंपण्याआधी, फुली मारण्याआधी, एकदा नीट वाजवून बघा.

माझी धडधड अजून थांबलेली नाही, कारण हातोडी पुन्हा तिच्याच हातात आहे. ती आई-बाबांसमोर धरून मुलगी म्हणाली, "दहावी झाली की मी पाथरवटाचं काम शिकणार. विचारत नाहीये, सांगतेय. आणि कुंपणाजवळ तो पालथा पडलाय ना, त्याला उद्या मी वाजवणार."