आधी पडलेला ठिपका

साल १९३४. श्यांग नदीकाठच्या गावात त्या हिवाळ्यात द्वान घराण्यातले म्हातारे मास्तर वारले, तेव्हा त्यांची नात मिनरू सोळा वर्षांची होती.

बाप लहानपणीच गेलेला, म्हणून ती आजोबांपाशीच वाढली. सहाव्या वर्षापासून ती अंगणातल्या विटेवर पाण्यात बुडवलेल्या कुंचल्याने अक्षरं गिरवायची. वीट पाणी पिऊन टाकी, अक्षर उडून जाई, की पुन्हा लिहायचं. आजोबा शेजारी शेंगा सोलत बसत. विटेकडे बघतही नसत. कुंचल्याच्या आवाजावरूनच म्हणत, "उभी रेघ आधी ओढलीस. पुन्हा लिही."

"पण आजोबा, अक्षर तर तसंच दिसतंय की."

"दिसतंय ना? मग बघायला येणाऱ्यांना दाखव. मला कशाला दाखवतेस?"

चुलतभाऊ बाओचंग मात्र अक्षरं चित्रासारखी काढायचा, मनाला येईल तिथून. त्याचा नाद आजोबांनी केव्हाच सोडला होता.

जाण्याआधी आजोबांनी थोरल्या काकांना, क्वांगचींना, सांगितलं होतं, की मिनला छांगशाच्या अध्यापिका विद्यालयात पाठव. काकांनी हो म्हटलं नव्हतं. आता घर त्यांच्या शब्दावर चालणार होतं.

"आजोबांची पाटी तू लिही," ते म्हणाले. "सगळं गाव येणार आहे. तुझं शिक्षण कितपत कामाचं आहे, ते बघू."

त्या 'बघू'त आपलं छांगशा अडकलंय, हे तिला कळलं.

पाटी लाकडाची, गेलेल्याच्या नावाची, घरात पूजेला ठेवायची. तिच्यावरचं शेवटचं अक्षर 'स्वामी' या अर्थाचं. एरवी ते लिहिताना डोक्यावरचा ठिपका आधी, मग दोन आडव्या रेघा, मग उभी, शेवटी तळाची आडवी. पितरांच्या पाटीवर मात्र ठिपका सोडून द्यायचा. मानाने बोलावलेला वडीलधारा तो सगळ्यांदेखत देतो आणि त्या क्षणी गेलेला जीव पाटीत येऊन बसतो.

मिनने सकाळीच शाई घोटली. नावाची अक्षरं थेट आजोबांच्या वळणाची उतरली. शेवटच्या अक्षरापाशी तिने श्वास रोखला, कुंचला टेकवला, आणि दहा वर्षं वळण लागलेला हात आपल्या वाटेने गेला. ठिपका पडला.

खोलीत कुणी नव्हतं. ओलं फडकं हाताशी होतं. ती नुसती बघत राहिली, मग उठून काकांकडे गेली.

"कुणी पाहिलं?" काकांनी विचारलं.

"नाही."

"मग पुसून गप्प बसायचं. एवढंही सुचलं नाही?"

"आजोबा येऊन बसले असतील तर, काका? त्यांना पुसायचं कसं?"

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी सुताराला बोलावून पाटी रंध्याने तासून घेतली. शाई लागलेल्या सालपटांचा त्यांनी एकेक तुकडा ओंजळीत गोळा केला आणि देवळामागच्या भट्टीत नेऊन जाळला. लिहिलेलं त्या घरात कधी केरात गेलं नव्हतं. परत आल्यावर ते म्हणाले, "बाओचंग लिहील."

"या वेळी मी सोडते ठिपका."

"तुझा हात तुझ्या ताब्यात नाही."

"दे गं," बाओचंग म्हणाला. "कुठली रेघ आधी ते मला माहीतच नाही, मग चुकेन कशाला?" त्याने तळाच्या रेघेपासून सुरुवात केली. ठिपका बरोबर सुटला. अक्षरं मात्र वाऱ्याने लोळवलेल्या भातासारखी झाली. मिन तोंड फिरवून उभी राहिली.

दुपारी ठिपका द्यायला आजोबांचे जुने स्नेही थांग गुरुजी आले. जुन्या राजवटीतली परीक्षा उत्तीर्ण झालेले गावात ते एकटेच उरले होते. त्यांनी पाटी जवळ ओढली.

"क्वांगची, हे मिनचं अक्षर नाही. तुझ्या वडिलांनी आठ वर्षं तिचे कागद दाखवून मला छळलंय."

सगळं गाव ऐकत होतं. मुलीला बरं नाही, एवढं म्हटलं तरी भागलं असतं. पण काका पुढे झाले.

"माझ्या मुलाचं आहे. मिनच्या हातून ठिपका आधी पडला. कुणी पाहिलं नव्हतं, तीच येऊन सांगून गेली. मी पाटी तासून घेतली."

लोक कुजबुजले. गुरुजींच्या हातातल्या कुंचल्यावर ठिपक्याचा शेंदरी रंग सुकत चालला होता.

"मिन, इकडे ये," ते म्हणाले. "हात कापतो माझा. बाही धर."

तिने बाही धरली. ठिपका पडला आणि सगळे गुडघे टेकून वाकले.

पाहुणे पांगल्यावर काका तिच्यापाशी आले. "नवं वर्ष झालं की बाओचंग तुला छांगशाला सोडून येईल."

"पण पाटी तर माझ्यामुळे..."

"बिघडली, तुझ्यामुळेच बिघडली. गप्प राहिली असतीस तर मी जन्मभर त्या पुसलेल्या पाटीपुढे उदबत्ती लावली असती आणि मला पत्ताही लागला नसता." एवढं बोलून ते भांडी मोजायला गेले.

थांग गुरुजी दोन वर्षांनी झोपेतच गेले. लढाई पेटल्यावर बाओचंग सैन्यात भरती झाला. त्याचं एक पत्र आलं, मग काहीच आलं नाही. क्वांगचीकाका त्याची वाट बघत त्रेपन्न साली वारले. पाटी सहासष्ट साली, जुन्या चालीरीती मोडून काढायच्या लाटेत, इतर घरांच्या पाट्यांबरोबर चौकात जाळली गेली. ते बघायला काका उरले नव्हते, हे एक बरं झालं. मिनरूने एकतीस वर्षं शाळेत मुलांना अक्षरं शिकवली आणि गुडघे दुखायला लागले तशी लेकीकडे राहायला गेली.