बाळंतिणीच्या औषधांचा खल

मित्रांनो, मी एक जुना दगडी खल आहे. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मला तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत दाराला टेकवून ठेवले आहे. इथे माझ्याशी बोलायला कोणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो.

एका पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवले आणि एका सुईणीने मला घरी नेले. तिला सगळे मावशी म्हणत. बाळंतिणीकडे जाताना ती मला पिशवीत घालूनच निघे. सुंठ, ओवा, बाळंतशेपा माझ्या पोटात कुटला जाई आणि घरभर गोडसर, तिखट वास पसरे. कुटता कुटता मावशीचे तोंडही चालू असे. "पोरगं अगदी बापावर गेलंय. नाक तेवढं देवानं वाचवलं!" ती म्हणे, आणि पाठ धरून बसलेली बाळंतीणही खुदकन हसे.

एकदा शिंप्याची सून बाळंत झाली. सहाव्या दिवशी ती तापाने फणफणली. अंगाला कापरे भरले. सासू मावशीला म्हणाली, "काहीतरी जालीम कुटा. तुमच्या हाताला गुण आहे."

बत्ता माझ्या शेजारीच होता. मी वाट पाहत होतो. मावशीने सुनेच्या कपाळावर हात ठेवला आणि ती उठली.

"वहिनी, हा ताप कुटून जायचा नाही. गाडी बोलवा, दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता."

"अहो, पण लोक काय म्हणतील? मावशीचं औषध लागू पडलं नाही म्हणतील."

"म्हणू देत. माझं नाव गेलं तरी चालेल, पोर जायला नको."

दहा दिवसांनी सून आपल्या पायांनी चालत घरी आली. डॉक्टरांना विचारून मावशीने मग तिच्यासाठी ओवा कुटला. माझे पुष्कळ कौतुक झाले आहे, पण माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस मी रिकामा राहिलो तोच.

पुढे मावशीचे हात कापू लागले. ती पुतणीकडे राहायला आली आणि दोन वर्षांत गेली. बत्त्याने कोणीतरी भिंतीत खिळे ठोकले आणि त्याचे दोन तुकडे झाले. बत्त्यावाचून खल म्हणजे नुसता खळगा. मी गॅलरीत आलो तो आलोच.

गेल्या महिन्यात पुतणी बाळंत झाली. नवरा सकाळी सातला कामावर जातो. आई दूर, फोनवर. पाहुणे आले, बाळाचे डोळे कुणासारखे यावर वाद घालून गेले. दुकानातून आणलेली औषधी चूर्णाची बाटली ओट्यावर तशीच राहिली. झाकण उघडायलाही पुतणीला उसंत नव्हती. घास हातात घेतला की बाळ रडे. एका दुपारी ती बाळाला घेऊन माझ्या शेजारी फरशीवर बसली आणि हमसून हमसून रडली. मी पडलो दगड. करणार काय?

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरची काकू दोरीवरून पडलेले दुपटे द्यायला आली होती. तिने दुपटे पुढे केले आणि पुतणीचा चेहरा पाहिला.

"जेवलीस का गं?"

पुतणीने नकारार्थी मान हलवली.

"दे त्याला इकडे, आणि जेवायला बस. मी काही त्याला पळवून नेत नाही."

पुतणी जेवली आणि तासभर गाढ झोपली. आता काकू रोज येते. आतून दोघींचे हसणे ऐकू येते. मला मात्र कोणी आत नेलेले नाही. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, मला धुऊनपुसून फळीवर ठेवा, असे सांगणार होतो. पण माझे राहू द्या. तुमच्या नात्यात, शेजारी कोणी बाळंत झाली, तर औषध कोणते घ्यायचे ते डॉक्टर सांगतील. तुम्ही बाळ बघायला जाल, तेव्हा आधी त्याच्या आईजवळ बसा. बाळ काही कुठे जात नाही.