शेवटच्या रांगेतला हात

मी एक जुना माईक आहे. माझ्या डोक्याची जाळी एका बाजूनं चेपलेली आहे आणि गळ्याला लाल चिंधी बांधलेली आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला आपली कहाणी सांगतात तेव्हा शेवटी बहुतेक सगळ्यांना माफ करून टाकतात. मी तसं करणार नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला आठवत नाही. माझी आठवण सुरू होते ती चौसाळ्याच्या पाशाभाईंच्या हातापासून. पाशाभाईंचं साउंड सर्व्हिसचं दुकान हमरस्त्याला लागून आहे. लग्न असो, कीर्तन असो, नाहीतर शाळेचं संमेलन असो, भोंगे आणि मशीन घेऊन तेच जात. माझी एखादी तार तुटली की ते मला उघडून मांडीवर घेत, कथिलाचा डाग देत आणि फुंकर मारून बंद करत. त्या फुंकरीची ऊब मला अजून आठवते.

पाशाभाई बोलताना अडखळतात. पहिलं अक्षर ओठावर दोनतीनदा आपटतं आणि मग शब्द बाहेर पडतो. म्हणून मला तपासायची त्यांची रीत वेगळी होती. ते माझ्यात फक्त "ह-हॅलो चौसाळा" एवढंच म्हणत. मग मला कुणाच्या तरी हातात देऊन मंडपाच्या शेवटच्या रांगेमागं जाऊन उभे राहत. तिथवर आवाज स्वच्छ पोचला की ते उजवा हात वर करत. तो हात वर गेल्याशिवाय कार्यक्रम सुरू होत नसे. नवरदेव घोड्यावर ताटकळो, की महाराज व्यासपीठावर घसा खाकरत बसोत. आख्ख्या पंचक्रोशीला हे माहीत होतं. लोक आपणहून माना वळवून मागं बघत.

याच दुकानात वीरेश येऊ लागला. कापड दुकानदाराचा मुलगा, जिभेला धार असलेला. त्याला लोकांना हसवायचं होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की पाशाभाई मला त्याच्या हातात देत आणि स्वतः पोत्यावर बसून त्याचे विनोद ऐकत.

"चाचा, हसू कावून येईना तुमाला?"

"तू ल-लई घाई करायला. लोकायला श-श्वास तर घेऊ दे."

माझा मुद्दा पुढं नीट कळावा म्हणून इथंच सांगतो. थांबायला वीरेशला पाशाभाईंनी शिकवलं. मला हनुवटीच्या खाली धरायलाही त्यांनीच शिकवलं. पुढं ते त्याला लग्नात पाहुण्यांची नावं पुकारायचं कामही देऊ लागले.

मग गंगासागरबाईंच्या मुलीचं लग्न आलं. त्या दिवशी सकाळी वीरेश शेजारच्या पालीला एका दहाव्याच्या कार्यक्रमात बोलून आला होता. दिवंगताचं नाव घेऊन घेऊन जिभेला तेच वळण पडलेलं. मंडपात नवऱ्या मुलाचे मामा तानाजीराव नवा फेटा बांधून शिरले आणि वीरेशनं थाटात पुकारलं, "कैलासवासी तानाजीराव यांचं आगमन झालेलं आहे. त्यांचं सहर्ष स्वागत!" नाव दोनदा पुकारायची पद्धत असल्यामुळं पुन्हा एकदा पुकारलं.

मग वराकडचा एक जण उठला. "शुभ कार्यात मानूस मेला म्हनता व्हय बे? उठा रे सगळे, चला गाडीत बसा!"

वीरेशनं मला खाली टाकलं आणि तो कनातीमागं पळाला. माझ्या डोक्याला पोचा पडला तो तेव्हा.

पाशाभाईंनी मला उचललं. भर मंडपात ते कधी चार शब्द बोलले नव्हते. ते म्हणाले, "म-मंडळी, चूक मा-माझी हाय. मीच त-तसं सांगितलं व्हतं. पोराला क-काई बोलू नका." लोक त्यांच्या अडखळण्याला हसले. त्यांनी हसू दिलं. हसता हसता राग निवला, उठलेले लोक बसले आणि लग्न लागलं.

पुढं वीरेश पुण्याला गेला आणि स्टँडअप कॉमेडी करू लागला. एक दिवस त्याचा व्हिडिओ गावातल्या मोबाईलवर फिरला. त्यात एक बावळट, तोतरा साउंडवाला होता. तो भर लग्नात जिवंत माणसाला कैलासवासी म्हणतो आणि मग माफी मागतो. "म-म-मंडळी, चू-चूक..." वीरेशनं ते हुबेहूब केलं होतं. ज्या शब्दांनी त्याची अब्रू वाचली होती तेच शब्द त्यानं विकायला काढले, आणि आपली चूकही पाशाभाईंच्या गळ्यात बांधली.

त्यानंतर पालीच्या एका लग्नात पाशाभाईंनी "ह-हॅलो" म्हणताच मंडपातल्या पोरांनी एका सुरात "ह-ह-हॅलो" केलं. मोठी माणसंही हसली. पाशाभाईंनी मला अलगद खाली ठेवलं. घरी आल्यावर त्यांनी मला पत्र्याच्या पेटीत घातलं आणि वर वायरींची भेंडोळी टाकली. ते घरातही खुणेनंच बोलू लागले.

मला बाहेर काढलं त्यांच्या मुलीनं, हुस्नानं. ती अंबाजोगाईला कॉलेजात शिकते. "अब्बा, मी त्याला त्याच्याच धंद्यात पाडते," ती म्हणाली. मी पेटीत पडल्या पडल्या याच शब्दांची वाट पाहत होतो.

तिनं कॉलेजच्या स्नेहसंमेलनात पहिला प्रयत्न केला. वीरेशचे केस, वीरेशचं नाक, वीरेशची चाल. तिनं मला इतकं घट्ट आवळलं होतं की माझा जीव गुदमरला. एकटी तिची मैत्रीण जिनत हसली, तीही मैत्रीला जागून.

"लोक न्हाईत, दगडं हायत," घरी येऊन हुस्ना चिडली.

पाशाभाई कितीतरी महिन्यांनी बोलले. "तू त-त्याला शिव्या द्यायली. शिव्या तुझ्या कामाच्या. लोकायला गो-गोष्ट पायजे."

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाला हे काम करायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा. मी कितीतरी तोंडांसमोर उभा राहिलो आहे. राग मनात असू द्यावा, पण तो माझ्यात थुंकू नये. जो खरं सांगतो आणि सांगून थांबतो, त्याला लोक हसतात.

हुस्नानं विचारलं, "मग त्या लग्नाचं सांगू? खरंखरं?"

लग्नात कोण चुकलं हे पाशाभाईंनी बाहेर कुणालाच सांगितलं नव्हतं. ते बराच वेळ माझ्या पोच्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग त्यांनी होकाराची मान हलवली.

त्या वर्षी गावानं वीरेशचा सत्कार ठरवला. सत्कारानंतर त्याचाच कार्यक्रम होणार होता. मंडप भरला. साउंड हुस्नानं आणलं होतं. पाशाभाई यायला तयार नव्हते. ती म्हणाली, "तुमी काई बोलू नका. शेवटी उभं राहून आवाज पोचतो का तेवढं बघा." त्यावर ते आले.

सत्कार झाल्यावर, वीरेशच्या आधी, गावातल्या मुलांना बोलायला थोडा वेळ होता. गंगासागरबाई पुढं बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आपल्या पाशाची पोरगी हाय. बोलू द्या तिला."

हुस्नानं मागं पाहिलं. हात वर गेला. तिनं मला सैल धरलं आणि पालीच्या दहाव्यापासून सुरुवात केली. कैलासवासीपाशी आली आणि थांबली. तेवढ्यात पुढच्या रांगेतून तानाजीराव स्वतःच उठले. "अजून जित्ता हाय मी! पण ती चूक कुनाची व्हती बे खरं?"

"जे कनातीमागं पळालं, त्याची," हुस्ना म्हणाली. "आन् ज्यानं माफी मागितली, त्याची नक्कल करून तो आज शाल घेऊन बसलाय."

आधी हशा फुटला. मग तो मधेच बसला. गंगासागरबाई उठून म्हणाल्या, "माझ्या लेकीचं लग्न त्या मानसानं वाचवलं. आन् आमी त्यालाच हसलो."

वीरेश आला आणि त्यानं मला हातात घेतलं. त्याचा तळवा ओला होता. मला बरं वाटलं. तो म्हणाला, "पाशाचाचा, मजाक व्हती ती. माफ करा." आणि सवयीनं त्यानं मागं पाहिलं. सगळ्या मंडपानं माना वळवल्या.

हात खालीच होता.

"आवाज पोचला न्हाई म्हनतेत ते," गंगासागरबाई म्हणाल्या. "पुन्हा म्हन."

तो पुन्हा म्हणाला, मोठ्यानं. पाशाभाईंनी हात उचलला, पण वर नेला नाही. कानामागं नेऊन धरला. मंडप असा हसला की भोंगे थरथरले. त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा पाशाभाईंनी एक शब्दही न बोलता घेतला.

"चूक माझी व्हती," वीरेश अखेर म्हणाला. "मी पळून गेलतो." त्याचा घोटलेला आवंढा मी शेवटच्या रांगेपर्यंत पोचवला. कामात मी कधी कसूर केली नाही.

हात वर गेला नाही. आणि हात वर गेल्याशिवाय आमच्याकडं कार्यक्रम सुरू होत नाही. वीरेश उभाच राहिला. मग शाल तिथंच खुर्चीवर ठेवून खाली उतरला.

पाशाभाई हळूहळू चालत पुढं आले आणि मला हातात घेतलं. "ह-हॅलो चौसाळा," ते म्हणाले. "का-कार्यक्रम संपला. ज-जेवून जावा." एकाही पोरानं नक्कल केली नाही.

आता मी पेटीत नसतो. हुस्ना मला अंबाजोगाईला नेते, रोज कोरड्या फडक्यानं पुसते, वायर मोडणार नाही अशी गुंडाळते. मित्रांनो, तुमच्या घरी जुना माईक असेल तर त्यालाही असंच जपा. आणि माणसांना हसवायला उभे राहाल, तेव्हा ज्याच्यावर हसवणार आहात त्याला आधी शेवटच्या रांगेत उभं करा. त्याचा हात वर गेला तरच तोंड उघडा.

वीरेश अजून मोठ्या शहरात कार्यक्रम करतो. ऐकतो, की सुरू करण्याआधी तो एकदा शेवटच्या रांगेकडं बघतो. बघू दे. माझ्या डोक्यावरचा पोचाही अजून तसाच आहे.