देवाले एकटं सोडायचं नाई

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. पुलगावच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये पहिल्या गुरुवारी आराधना राहे. वेदीवर सोनेरी पात्रात ख्रिस्तप्रसादाची पांढरी भाकर मांडत. आमच्यासाठी तो साक्षात येशू. समोर एकेकानं तासभर मुकाट्यानं बसायचं. पुढचं माणूस येऊन गुडघे टेकत नाई तोवर उठायचं नाई. देवाले एकटं सोडायचं नाई, असा नेम.

माझं नाव निघालं तं बाया फिदीफिदी हसल्या. "शकुबाई अन् तासभर गप? देवच उठून जाईन!" सगळ्यात जास्त हसली माझी शेजारीण गुलाब. माझ्या मागची पाळी तिचीच होती.

पण माझा जीव होता गाडीत. माझा पोरगा ओमप्रकाश त्याच गुरुवारी बदलीवर भुसावळहून रायपूरले चालला होता. संगं सून अन् तीन महिन्यांची नात. नात मी अजून पाह्यली नव्हती. त्यानं कार्डावर लिहिलं होतं, 'गाडी पाच मिनिटं थांबते, फलाटावर येजो.' गाडी अकराची, पण रोज अर्धा तास उशिरा. म्हणून मी बिनघोर दहा ते अकराची पाळी घेतली.

अन् मेली गाडी नेमकी त्या दिवशी वेळेवर! अकराले शिटी ऐकू आली अन् गुलाबचा पत्ता नाई. फादर आंजी गावाले गेलते. चर्चमध्ये मी एकटी. उठली, दारापर्यंत गेली, मागं वळून पाह्यलं. वेदीवर देव एकटाच. परत येऊन बसली. तोंड बंद होतं, पण आतून देवाले असं झापलं का पुसू नका! 'तुले सारं माहीत होतं ना? मंग काऊन बसवलं मले? अन् ती गुलाब, आळशी कुठली! पडली असन घरी लोळत!' आराधना कसली, भांडणच ते. मंग गाडी सुटल्याची शिटी झाली. पदर तोंडात कोंबून मी रडली.

थोड्या वेळानं मागं चपला वाजल्या. पाह्यते तं ओमप्रकाश, पेटी-वळकटीसकट! सुनेच्या खांद्यावर पोर. मागं गुलाब धापा टाकून राह्यली.

माझ्या कानाशी येऊन म्हणे, "अवं, मी इकडंच येत होती, तं शिटी ऐकली. म्हणलं, मी येईन, मंग तू पळशीन, तोवर गाडी निघून जाईन. मंग मीच पळाली ठेसनावर अन् उतरवलं या तिघायले. संध्याकाळच्या गाडीनं जातीन."

माय वं! जिले आत्ता शिव्या घातल्या, तिच्याच पाया पडावं वाटलं. सुनेनं पोर माझ्या मांडीवर ठेवली. काळंभोर जावळ, मुठी आवळलेल्या. मी तिच्या मुठीची पापी घेतली.

गुलाबनं गुडघे टेकले अन् मले कोपरानं ढोसलं. "जाय आता घरी. माझी पाळी."

"थांब ना व," मी म्हणलं, "एवढी भांडली देवासंगं, आता त्याले नात तं दाखवू दे."